स्वतःच्या कबरीसाठी



क्रूसाच्या वाटेच्या तेराव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकतो. प्रभू येशूचा देह क्रूसावरून उतरवून त्याच्या आईच्या स्वाधीन केला जातो. या एका प्रसंगाने मायकेल अँजेलो या थोर शिल्पकाराची आयुष्यभर पाठ सोडली नाही. अशा शिल्पाला ‘पिएता’ म्हणतात. या इटालियन शब्दाचा अर्थ करुणा.

मायकेल अँजेलोचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी इटलीतील काप्रेसे या गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. आईविना वाढलेल्या या मुलाने पुढे दगडातून जगाला एक आई दिली. १४९८ मध्ये रोममधील एका फ्रेंच कार्डिनलने आपल्या कबरीसाठी त्याच्याकडून पिएता करून घेतली. कारारा येथील शुभ्र संगमरवरातून ती साकारली तेव्हा तो जेमतेम २४ वर्षांचा होता. तरुण, शांत मरियेच्या मांडीवर तिचा पुत्र जणू झोपला आहे. मरियेच्या छातीवरील पट्ट्यावर शिल्पकाराने स्वतःचे नाव कोरले. त्याची सही असलेली ही एकमेव कलाकृती आज सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये आहे.

पुढे मोठमोठ्यांच्या कबरी त्याच्याकडे आल्या. पोप दुसरे ज्युलियस यांच्या कबरीची भव्य योजना १५०५ मध्ये ठरली. चाळीसहून अधिक पुतळे होणार होते. काम संपायला १५४५ साल उजाडले आणि कबर मूळ योजनेच्या मानाने फारच लहान झाली. पोपचे अवशेषही तेथे नाहीत, ते सेंट पीटर्समध्येच आहेत.

१५४७ मध्ये त्याची भाविक मैत्रीण व्हित्तोरिया कोलोन्ना मरण पावली. त्याच सुमारास, सत्तरी ओलांडलेल्या मायकेल अँजेलोने पुन्हा पिएता करायला घेतली. या वेळी कोणाची मागणी नव्हती. हे शिल्प त्याच्या स्वतःच्या कबरीसाठी होते. मरिया, मग्दालेना आणि मागे उभा राहून प्रभूचा देह सावरणारा निकदेम. शुभवर्तमानातला हा निकदेम रात्रीच्या अंधारात येशूकडे आला होता. त्याला शिल्पकाराने स्वतःचा चेहरा दिला. पहिल्या पिएतावर त्याने नाव कोरले होते. येथे नाव नाही, तो स्वतःच प्रभूला आधार देत उभा आहे. पण दगड सदोष निघाला. १५५५ च्या सुमारास त्याने हातोड्याने ते शिल्प फोडले. शिष्याने तुकडे जोडले, तरी ख्रिस्ताचा डावा पाय आजही नाही. ते शिल्प आता फ्लॉरेन्समध्ये आहे.

तो थांबला नाही. शिल्पकला म्हणजे दगडातून नको ते काढून टाकणे, अशी त्याची धारणा होती. आज मिलानमध्ये असलेल्या शेवटच्या पिएतात त्याने इतके काढून टाकले, की आई आणि पुत्र एकमेकांत मिसळून गेले. आईने पुत्राला धरले आहे की पुत्राने आईला पाठीवर घेतले आहे, हे सांगता येत नाही. मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत तो त्यावर काम करत होता. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. शिल्प अपुरे राहिले.

त्याला फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये पुरले. त्या कबरीवर त्याची एकही पिएता नाही. तिथले पुतळे इतरांनी घडवलेले आहेत. मग त्याचे श्रम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. त्या दगडावर घाव घालता घालता तो स्वतः घडत होता. जो हात आपले नाव कोरत होता, तो शेवटी ख्रिस्ताला सावरायला शिकला.

आपणही प्रियजनांच्या कबरींवर संगमरवर बसवतो, नाव कोरतो, फुले ठेवतो. ते प्रेमाचे काम आहे, ते जरूर करावे. पण आपल्या स्वतःच्या मरणाची तयारी कबरीच्या दगडाने होत नाही. अहंकार, जुने वैर, नको असलेली हाव यांतले आपण रोज थोडे थोडे काढून टाकतो का? काम अपुरे राहिले तरी भिऊ नका. ते पूर्ण करणारा प्रभू समर्थ आहे.

आपला,
धर्मगुरू