चरित्रनट कै. एस. व्ही. रंगाराव

स्मरणिकेतील चरित्राचे पान बहुधा एखाद्या समाजसुधारकास, शिक्षकास अगर उद्योजकास दिले जाते. यंदा आम्ही ते एका नटास दिले आहे; आणि तोही नायकाची कामे करणारा नट नव्हे, तर राक्षस, मांत्रिक, दुष्ट राजे आणि नायक-नायिकांचे वडील यांच्या भूमिका करणारा. काही ज्ञातिबांधवांस ही निवड चमत्कारिक वाटेल. परंतु हाती असलेली पक्की नोकरी सोडून मनाच्या ओढीमागे जावे की न जावे, हा जो प्रश्न आपल्यातील कित्येक घरांत तरुणांचा व वडीलधाऱ्यांचा वाद होऊन बसतो, तो या गृहस्थांच्या आयुष्यात एकदा नव्हे, दोनदा उभा राहिला. म्हणून हे चरित्र वाचनीय आहे, असे आम्हास वाटते.

सामर्ल वेंकट रंगाराव यांचा जन्म ३ जुलै १९१८ रोजी आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात नूझवीड येथे झाला. वडील अबकारी खात्यात नोकरीस होते. बालपणाचा बराचसा काळ आजीच्या छायेखाली मद्रासेत गेला आणि तेथील शाळेतच नाटकाचे वेड लागले. पुढे विशाखापट्टणम व काकिनाडा येथे महाविद्यालयीन शिक्षण झाले. काकिनाड्यास त्या काळी यंग मेन्स हॅपी क्लब नावाची हौशी नाट्यसंस्था होती. पुढे दक्षिणेत नावारूपास आलेल्या अंजलीदेवी आणि त्यांचे संगीतकार पती आदिनारायणराव हेही याच संस्थेतले. रंगारावांनी येथे शेक्सपिअरच्या नाटकांतील भूमिकाही केल्या. भारदस्त देहयष्टी, खर्जातला आवाज आणि इंग्रजी नाटकांच्या अभ्यासाने आलेली शब्दफेक, ही त्यांची सारी पुंजी या दिवसांत जमली.

शिक्षण आटोपल्यावर त्यांनी मद्रास इलाख्याच्या अग्निशामक दलात अधिकाऱ्याची जागा पत्करली. सरकारी नोकरी, गणवेश, मानमरातब, सर्व काही होते. परंतु रंगभूमीची ओढ सुटेना आणि ही नोकरी त्यांनी सोडली. बी. व्ही. रामानंदम या नातलग दिग्दर्शकांनी त्यांना १९४६-४७ च्या सुमारास ‘वरूधिनी’ या बोलपटात नायकाची, म्हणजे प्रवराख्याची भूमिका दिली. अल्लसानि पेद्दना या कृष्णदेवरायाच्या दरबारातील महाकवीच्या काव्यातील ही कथा. हिमालयात वाट चुकलेला सत्शील ब्राह्मण आणि त्याच्यावर अनुरक्त झालेली अप्सरा असा तिचा विषय. चित्रपट साफ पडला. पहिल्याच पावलास ठेच लागलेल्या नायकाकडे दुसरा निर्माता कशास येतो? नोकरी गेली होती आणि चित्रपटही गेला होता. रंगारावांनी मुकाट्याने जमशेदपूरची वाट धरली व टाटांच्या कारखान्यात कचेरीतील काम पत्करले.

बहुतेकांच्या आयुष्यातील अशा गोष्टी येथेच संपतात. तरुणपणी नाटकात कामे करीत होतो, असे पुढे मुलाबाळांस सांगावयाचे, इतकेच त्यांचे उरते. रंगारावांनी मात्र पुन्हा बोलावणे येताच दुसरी नोकरीही सोडली आणि ते मद्रासेस परतले. असे धाडस कोणी करावे, असा सल्ला आम्ही देणार नाही, कारण त्यात बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. पण या खेपेस ते नायक होण्याचा हट्ट धरून आले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकदोन किरकोळ भूमिका झाल्यावर नागिरेड्डी व चक्रपाणी यांच्या विजया संस्थेने १९५० साली काढलेल्या ‘षावुकारु’ या पहिल्याच चित्रपटात त्यांना सुन्नम रंगडु या गावगुंडाचे काम मिळाले. दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद. हे प्रसाद म्हणजे मुंबईत चित्रपटधंद्याची उमेदवारी केलेले आणि १९३१ च्या ‘आलम आरा’त लहानसे काम केलेले गृहस्थ होत.

त्यानंतर १९५१ साली के. व्ही. रेड्डी यांचा ‘पाताळभैरवी’ आला आणि रंगारावांचे नाव साऱ्या दक्षिणेत पोहोचले. नेपाळचा एक मांत्रिक पाताळभैरवीची इच्छापूर्ती करणारी मूर्ती मिळविण्यासाठी एका धाडसी तरुणाचा बळी देऊ पाहतो, अशी ही कथा. नायक होते एन. टी. रामाराव, पण प्रेक्षक घरी गेले ते मांत्रिकाची नक्कल करीत. हा मांत्रिक केवळ आरडाओरडा करीत नाही. तो गोंजारतो, हसतो, उपदेश करतो, आणि त्या हसण्यानेच अंगावर काटा उभा राहतो. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा चित्रपट दाखविण्यात आला. त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

‘मायाबजार’ (१९५७) विषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. बलरामाच्या कन्येचा अभिमन्यूशी विवाह घडवून आणणाऱ्या घटोत्कचाची ही कथा आपल्याकडे वत्सलाहरण अगर सुरेखाहरण या नावांनी घरोघर ठाऊक आहे. बाबूराव पेंटरांनी १९२१ साली ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला आणि त्यातच व्ही. शांताराम प्रथम पडद्यावर आले. तेलुगु कथेत ही कन्या शशिरेखा होते. घटोत्कच पडद्यावर येतो तो कथा बरीच पुढे सरकल्यावर. पण आल्यावर चित्रपट त्याचाच होतो. लग्नघरच्या पक्वान्नांनी भरलेल्या पाकशाळेत हा अजस्र भीमपुत्र गदा बाजूस ठेवून बसतो आणि लाडू आपण होऊन त्याच्या मुखात शिरू लागतात. त्यावेळचे गाणे माधवपेद्दि सत्यम यांनी म्हटले असले, तरी ते रंगारावांच्याच पोटातून आल्यासारखे वाटते. यातील राक्षस क्रूर नाही. तो वडिलांचा मान राखणारा, भावासाठी धावून जाणारा आणि लहान मुलासारखा खादाड आहे. याहून मौजेची गोष्ट अशी की, घटोत्कच शशिरेखेचे रूप घेतो तेव्हा पडद्यावर असतात सावित्रीबाई. रंगाराव दिसत नाहीत, परंतु नाजूक नवरीच्या अंगी मधूनच उमटणारी ती राक्षसी ऐट त्यांचीच असते. दुसऱ्या नटीने आपले सोंग वठवावे, इतकी स्पष्ट रेखलेली भूमिका फार थोड्या नटांच्या वाट्यास येते. २०१० साली हा चित्रपट रंगीत करून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला.

सामाजिक चित्रपटांतील त्यांचे कामही कमी मोलाचे नाही. बी. एन. रेड्डी यांच्या ‘बंगारु पाप’ (१९५५) मध्ये, जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’ कादंबरीवर आधारलेल्या कथेत, अनाथ बालिकेच्या सहवासाने पालटणारा दांडगा कोटय्या त्यांनी उभा केला. ‘मिस्सम्मा’ (१९५५) मधील प्रेमळ जमीनदार रंगविला तेव्हा त्यांचे वय होते छत्तीस! ‘गुंडम्मा कथा’ (१९६२) मध्ये रामाराव आणि अक्किनेनि नागेश्वरराव या दोघांचेही ते वडील झाले. वस्तुतः हे दोघे त्यांच्याहून अवघ्या पाच-सहा वर्षांनी लहान. तमिळ प्रेक्षकांनीही त्यांना आपले मानले. शिवाजी गणेशन यांच्यासमवेतचा ‘पडिक्काद मेदै’ (१९६०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘मैं भी लडकी हूँ’ (१९६४) या हिंदी चित्रपटातही ते होते.

पौराणिक खलपुरुषांत हिरण्यकशिपू, रावण, दुर्योधन सारे त्यांनी केले; पण सर्वांत गाजला तो ‘नर्तनशाला’ (१९६३) मधील कीचक. मराठी वाचकास कीचक म्हटले की खाडिलकरांचे नाटक आणि १९१० साली त्यावर आलेली सरकारी बंदी आठवते. आपल्या रंगभूमीवरचा कीचक उन्मत्त सत्ताधीशाचे प्रतीक होता. रंगारावांचा कीचक हा भोगलोलुप असूनही रुबाबदार सेनापती आहे. त्याचा अंत व्हावा असे वाटते, तरी तो पडद्यावरून जाऊ नये असेही वाटते. १९६४ साली जकार्ता येथील तिसऱ्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात या भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळाले. स्वदेशी सरकारने मात्र त्यांना एकही पद्म किताब दिला नाही. इंडोनेशियास जे दिसले ते दिल्लीस दिसू नये, याचा आम्हास आजही विषाद वाटतो. टपाल खात्याने २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त त्यांचे तिकीट काढले, एवढेच समाधान.

पुढे त्यांनी ‘चदरंगम’ (१९६७) आणि ‘बांधव्यालु’ (१९६८) हे दोन चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले. दुसऱ्यास आंध्र सरकारचे नंदी पारितोषिक लाभले. याच सुमारास ‘भक्त प्रह्लाद’ (१९६७) मध्ये हिरण्यकशिपू झालेल्या रंगारावांसमोर राणी लीलावती म्हणून उभ्या राहिल्या त्या काकिनाड्याच्या क्लबातील जुन्या सहकारिणी अंजलीदेवी.

१८ जुलै १९७४ रोजी मद्रास येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वयाची छप्पन्न वर्षे नुकतीच पुरी झाली होती. ‘यशोदा कृष्ण’ हा त्यांचा चित्रपट १९७५ साली, त्यांच्या पश्चात लागला. त्यात त्यांची भूमिका होती कंसाची.