पक्षिमहर्षी डॉ. सलीम अली : एक स्मरण

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले की बगरू हे गाव लागते. लाकडी ठशांनी छापलेल्या कापडासाठी ते प्रसिद्ध आहे. चिखलाचा लेप देऊन केलेल्या 'दाबू' छपाईची लांबच लांब वस्त्रे तेथील छिपा कारागीर उन्हात वाळत घालतात. आपल्या मंडळातील भगिनींना बगरूचा परिचय आहे तो या कापडामुळे. आम्हांला मात्र या गावाने एक निराळाच धडा दिला.

सरकारी नोकरीतील बदलीच्या ओघात आम्ही राजस्थानात आलो आणि उतारवयात पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद जडला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बगरूच्या शिवारात भटकावे, मिळतील ती चित्रे टिपावीत आणि घरी येऊन पुस्तकात त्यांची नावे शोधावीत, असा क्रम सुरू झाला. एका पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी आढळली. त्यांतील एक अर्धवट होते. तळ नसलेल्या टोपासारखे. पाखरांनी ते टाकून दिले असावे असे समजून आम्ही ते फांदीसह काढले आणि मोठ्या हौसेने दिवाणखान्यात टांगले. आपण काय करून बसलो, हे पुढे डॉ. सलीम अली यांचे चरित्र व कार्य अभ्यासताना कळले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्या थोर पुरुषाचेच स्मरण करावे असे मनाने घेतले.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हातीही छर्ऱ्यांची बंदूक आली. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीची नव्हे, मग कोणती, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी मुलाला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले, आणि एवढ्यावर न थांबता पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेली कपाटे त्या लाजऱ्या मुलापुढे उघडली. एका प्रश्नाला मिळालेल्या या आदरपूर्वक उत्तराने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

तरीही वाट सरळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात गेले. धंद्यापेक्षा रानातच अधिक रमले. मुंबईस परतल्यावर वाणिज्याबरोबर प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील पक्षितज्ज्ञाचे पद त्यांना नाकारले गेले, कारण विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. आमच्यासारख्या, पदवीच्या बळावर नोकरी मिळवून तीत केस पांढरे केलेल्या माणसाला हा तपशील वाचून अंतर्मुख व्हावे लागते. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. पुढे रजा घेऊन त्यांनी बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. पण १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

मुंबईतील खर्च परवडेना, म्हणून हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. येथेच आपल्या बाभळीवरील घरट्याची गोष्ट येते. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाताला काम नसलेल्या त्या माणसाने सारा पावसाळा तिच्या निरीक्षणात घालविला आणि एक चमत्कारिक व्यवस्था उजेडात आणली. बहिणाबाईंच्या काव्यामुळे सुगरण आपल्या घराघरांत पोहोचली आहे. तथापि घरटे विणतो तो नर. तो ते अर्ध्यावर, टोपासारखे झाले की थांबवितो. मग माद्या येतात, आत शिरून विणीची परीक्षा घेतात. एखादीने पसंत केले तरच तो खाली लोंबणारी नळी विणून घर पुरे करतो. तिने अंडी घातली की पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे विणू लागतो. ज्याला कोणी पसंत करीत नाही, ते अर्धवटच राहते. म्हणजे बगरूचे आमचे ते घरटे टाकून दिलेले होते असे मुळीच म्हणता येत नव्हते. ते कदाचित पसंतीची वाट पाहत होते. ज्या बेकारीत दुसरा खचला असता, त्या बेकारीतून सलीम अलींनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास निर्माण केला.

त्यानंतर त्यांनी संस्थानांना एक सूचना केली: प्रवासखर्च द्यावा, वेतन नको, आपल्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी भ्रमंती झाली. तंबूतल्या या संसारात तेहमिनाबाईंची मोलाची साथ होती. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात निवर्तल्या. हा घाव सोसून त्यांनी काम चालूच ठेवले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक बाहेर पडले. पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, अशा घरगुती मापाने त्यांनी ओळख सोपी केली. आकार, रंग, चालढाल, वसतिस्थान, ऋतू यांचा मेळ घातल्याखेरीज नाव निश्चित होत नाही, हे आम्ही त्यातूनच शिकलो. हिवाळ्यात आम्ही चिमण्या म्हणून टिपलेली काही पाखरे, पिवळा साज उतरलेल्या सुगरणीच निघाल्या!

सलीम अलींच्या हाती प्रामुख्याने बंदूक होती, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. अभ्यासासाठी त्यांनी असंख्य पक्षी मारले; नमुना हाती घेतल्यावाचून शास्त्र पुढे जात नाही अशी त्यांची धारणा होती. कॅमेऱ्याची थोरवी त्यांना जवळून दिसली ती सिंगापूरचे चित्रपटगृहमालक लोक वान थो यांच्या सहवासात. युद्धकाळात भारतात आश्रय घेतलेल्या या धनिकाने त्यांच्याबरोबर भटकून लपणात बसून पक्ष्यांची अप्रतिम छायाचित्रे घेतली, शास्त्रकार्याला सढळ हाताने मदत केली, आणि १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

राजस्थानावर तर सलीम अलींचे मोठे ऋण आहे. भरतपूरची केवलादेव पाणथळ ही राजेरजवाड्यांची शिकारभूमी. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ तेथे एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो दिवस १२ नोव्हेंबर १९३८, योगायोगाने सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर तलाव आटवून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकून ते पाणी वाचविले. त्यांच्या नेतृत्वाखाली तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा दीर्घ अभ्यास झाला. १९८५ मध्ये हे उद्यान जागतिक वारशात समाविष्ट झाले. सायबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर तेथे उतरलेले नाहीत. सारेच काही वाचविता येत नाही, हेही भरतपूर सांगते.

डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला त्यांचा दशखंडात्मक ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. अखेरच्या खंडाच्या वेळी ते अठ्ठ्याहत्तरीच्या घरात होते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व असे सन्मान चालत आले. आंतरराष्ट्रीय पुरस्काराची पन्नास हजार डॉलरची रक्कम त्यांनी निसर्गकार्यासाठी संस्थेच्या ओटीत घातली. जून १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईतच त्यांनी देह ठेवला.

बगरूचे ते घरटे अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. परत नेऊन टांगण्यात अर्थ नव्हता. सलीम अली प्रत्येक नमुन्यास चिठ्ठी बांधीत. तशीच एक आम्ही त्याला बांधली आहे. तीवर पक्ष्याचे नाव, स्थळ व तारीख आहे, आणि अज्ञानामुळे काढले अशी नोंदही आहे. मंडळातील मुले घरी आली की ती चिठ्ठी वाचतात आणि प्रश्न विचारतात. खेतवाडीच्या त्या पोरक्या मुलाला मिळाले तसे उत्तर त्यांना मिळावे, एवढी काळजी आम्ही घेतो. आणि हल्ली त्यांना घेऊन बगरूला जातो ते केवळ कॅमेरा घेऊन.