मार्गारेटे श्टाइफ : सुयांच्या उशीतून उभा राहिलेला खेळण्यांचा कारखाना

विद्यानगरातल्या आपल्या मराठी घरांमध्ये काचेच्या कपाटात पुष्कळदा दोन तऱ्हेची खेळणी शेजारी शेजारी दिसतात. एक निर्मळचं, लाकडी, रंगवलेलं, मुलांचा हात पोहोचू नये म्हणून वरच्या कप्प्यात ठेवलेलं. दुसरं मऊ केसांचं अस्वल, नातवंडांनी ओढून ओढून एक कान लोंबता केलेलं. निर्मळ आपल्या ओळखीचं. जुन्या हैदराबाद संस्थानातलं, नागपूरहून गाडीने येताना वाटेत लागणारं. अस्वलाचं माहेर मात्र पार जर्मनीत आहे, आणि ज्या घरातून ते बाहेर पडलं त्या घराची कर्ती होती एक अविवाहित आत्या. तिला चालता येत नव्हतं आणि उजवा हात धड उचलता येत नव्हता.

मार्गारेटे श्टाइफचा जन्म २४ जुलै १८४७ रोजी गींगेन या लहानशा गावात झाला. आपल्याकडे पुण्यात भिडे वाड्यातली मुलींची शाळा सुरू व्हायला अजून वर्ष होतं. जर्मनी हा एक देशही तेव्हा झालेला नव्हता. गींगेन वुर्टेम्बर्गच्या राज्यात होतं. वडील बांधकामाच्या व्यवसायातले. चार भावंडांत ती तिसरी. दोन मोठ्या बहिणी आणि पाठचा भाऊ फ्रिट्झ. दीड वर्षाची असताना तिला सणकून ताप आला. तापातून ती उठली, पण पाय गेले ते गेलेच. उजव्या हातातही जोर राहिला नाही, हालवला की कळ यायची. तो पोलिओ होता.

आईवडिलांनी जे जे करता येईल ते केलं. नऊ वर्षांची असताना तिला लुडविग्सबुर्गच्या मुलांच्या इस्पितळात ठेवलं, शस्त्रक्रिया झाली. नंतर गरम पाण्याच्या झऱ्यांचे उपचार झाले. उपयोग झाला नाही. त्या काळी अशा मुलीचं पुढे काय, हा प्रश्न आईला रात्रंदिवस छळत असणार, आणि तो जर्मनीत काही वेगळा नव्हता. लग्न होणार नाही, घरकाम होणार नाही, आईवडिलांच्या मागे कुणाच्या तरी गळ्यात पडणार. गावातल्या मुलीला मोलकरीण म्हणून तरी राहता येत असे. हिला तेही शक्य नव्हतं.

शाळेत मात्र ती गेली. भावंडं आणि शेजारची मुलं तिला लाकडी हातगाडीत बसवून ओढत न्यायची आणि शाळेच्या पायऱ्या आल्या की कुणीतरी उचलून वर्गात ठेवायचं. स्वभाव मिश्कील आणि बोलका. रस्त्यावर गाडी लावली की तिच्याभोवती पोरं जमायची आणि खेळ कोणता खेळायचा ते तीच ठरवायची. पुढे ती शिवणाच्या वर्गाला गेली. सुरुवातीला तिचं शिवण इतकं वाईट होतं की बहिणींनाच ते उसवून पुन्हा घालावं लागे. सतराव्या वर्षाच्या सुमारास तिने मनाशी ठरवलं, की बरं होण्याच्या मागे धावणं आता पुरे. मला तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. तिची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तिच्या जिद्दीचे गोडवे गातात. पण एक आशा सोडून दिल्यावरच तिचं कामाकडे लक्ष लागलं, हे सांगायचं राहून जातं.

ती झिदर नावाचं तंतुवाद्य शिकली, मग ते इतरांना शिकवू लागली. शिकवणीतून पैसे साठले. बहिणींबरोबर कपडे शिवायचं काम चालूच होतं. घरात शिवणयंत्र आलं. गींगेनमधलं ते पहिलंच, असं सांगतात. आता अडचण अशी की यंत्राचं चाक उजव्या हाताला असतं आणि तिचा उजवा हात निकामी. तिने यंत्रच उलटं फिरवून ठेवलं, म्हणजे चाक डाव्या हाताला आलं. पुढची सगळी वर्षं ती अशीच उलट्या बाजूने शिवत राहिली.

१८७४ साली वडिलांनी राहत्या घरात तिच्यासाठी शिवणकामाची खोली काढली. १८७७ मध्ये, तिशीत, तिने स्वतःचं दुकान थाटलं. माल फेल्टचा. फेल्ट म्हणजे लोकर ओली करून, दाबून, मळून केलेलं जाड कापड. आपल्याकडे बुरणूस करतात ती हीच विद्या. गींगेनमध्ये तिच्या आईच्या माहेरच्या नात्यातल्या लोकांचा फेल्टचा कारखाना होता, त्यामुळे कापड जवळच मिळे. ती त्याचे परकर आणि मुलांचे कोट शिवी. या कापडाला ताणाबाणा नसतो, म्हणून कुठेही कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत. कड दुमडून शिवायला नको, आणि लहानात लहान तुकडाही कामी येतो. पुढे खेळण्यांना नेमकं हेच उपयोगी पडणार होतं. दुकान चाललं, हाताखाली बायका आल्या. आता ती कुणाच्या गळ्यात पडलेली नव्हती.

१८७९ च्या डिसेंबरमध्ये फॅशनच्या एका मासिकात तिला कापडी हत्तीचा नमुना सापडला. तिने फेल्टचे हत्ती कापले, आत मेंढीची मऊ लोकर भरली आणि ओळखीच्या बायकांना सुया-टाचण्या टोचून ठेवायच्या उश्या म्हणून भेट दिले. घरोघरी एकच प्रकार घडला. मुलांनी हत्ती पळवले. त्या काळची विकत मिळणारी खेळणी म्हणजे लाकूड, पत्रा, नाहीतर चिनीमातीच्या तोंडाच्या बाहुल्या. पडल्या की फुटल्या, आणि कुशीत घेऊन झोपायचं म्हटलं तर टोचणार. आपल्या आज्या चिंधीची बाहुली घरीच करून देत, तिला बाजारात किंमत नव्हती. मऊ खेळणं विकत घ्यायची वस्तू होऊ शकते, हे त्या मुलांनी मार्गारेटेला दाखवून दिलं.

तरीही लगेच कारखाना उभा राहिला नाही. हत्ती हा कितीतरी दिवस परकरांच्या धंद्याला लागलेला जोडधंदाच होता. फ्रिट्झला त्यातली कमाई आधी दिसली. तो हत्तींचं पोतं घेऊन जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात गेला आणि सगळे खपवून आला. १८८६ पर्यंत वर्षाला पाच हजारांहून जास्त हत्ती विकले जाऊ लागले. मग माकडं, गाढवं, घोडे, उंट, डुकरं, कुत्री, मांजरं. वडिलांप्रमाणेच बांधकामात असलेल्या फ्रिट्झने बहिणीसाठी नवी इमारत बांधली, तिची चाकांची खुर्ची आतबाहेर जावी म्हणून उतरण ठेवून. १८९२ मध्ये पहिली सचित्र मालयादी निघाली. १८९३ मध्ये फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून मार्गारेटेच्या नावाने नोंदणी झाली. तेव्हा कारखान्यात चार शिवणाऱ्या होत्या आणि घरून काम करणाऱ्या दहा.

या घरून काम करणाऱ्या बायकांकडे जरा लक्ष द्यायला हवं. कापलेले तुकडे घरी न्यायचे, चूल आणि मुलं सांभाळून शिवायचे, माल आणून द्यायचा. आपल्या गल्लीत साड्यांना फॉल लावून देणाऱ्या वहिनी असतात, त्यातलाच प्रकार. अशा कामात मोबदला तुकड्यावर मिळतो आणि मालाला खोट निघाली की तोटा शिवणारीचा. त्या बायकांचं आयुष्य सुखाचं होतं असं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. पण दुकानाची मालकीण स्वतः त्याच वाटेने वर आली होती आणि एकेक टाका ओळखत होती, हेही खरंच. नवीन खेळण्याचा पहिला नमुना ती स्वतः पारखून घेई.

मार्गारेटेला मूलबाळ नव्हतं, पण फ्रिट्झला सहा मुलगे होते. ते आत्याच्या खोलीत, चिंध्या आणि लोकरीत वाढले आणि एकामागून एक धंद्यात आले. सर्वांत हुशार रिचर्ड. तो श्टुटगार्टला कलाशाळेत शिकला. तिथल्या प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची चित्रं काढत बसायचा. १८९७ मध्ये तो आत्याच्या हाताखाली रुजू झाला आणि १९०२ साली त्याने एक अस्वल केलं. फेल्टचं नव्हे, अंगोरा शेळीच्या केसांच्या लवदार कापडाचं. हातपाय हलणारं, ५५ सेंटिमीटरचं. आत्याला ते फारसं पटलं नव्हतं, असं म्हणतात. महाग पडेल, जड आहे, आणि अस्वल कोण घेणार? तिचा हिशेब चूक नव्हता. त्या पहिल्या अस्वलाचे हातपाय दोरीने बांधलेले होते आणि ते सैल होत. तरी तिने पुतण्याला अडवलं नाही.

१९०३ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत ते मांडलं. कोणी ढुंकून पाहीना. जत्रा उठता उठता एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम तीन हजारांची मागणी नोंदवली. त्याच सुमारास अमेरिकेत वेगळंच प्रकरण गाजत होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेले असता बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं, आणि ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिचटम या दुकानदाराने कापडी अस्वल करून त्याला रूझवेल्ट यांचं लाडकं नाव दिलं, टेडी. म्हणजे नाव अमेरिकेचं. अस्वल आधी कुणाचं, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. दोघांनी एकमेकांना न विचारता केलं, हे मानायला मला तरी अडचण वाटत नाही.

पुढची चार-पाच वर्षं गींगेन नुसतं अस्वलं शिवत होतं. १९०३ मध्येच रिचर्डच्या कल्पनेतून लोखंड आणि काचेची लांबलचक इमारत उभी राहिली, शिवणाऱ्यांना दिवसभर उजेड मिळावा म्हणून. आत सगळ्या मुलीच काम करत, त्यामुळे गावाने तिला कुमारिकांचं मत्स्यालय असं नाव ठेवलं. (गावं सगळीकडची सारखीच.) १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीला सुवर्णपदक मिळालं. नकली माल यायला लागला, तेव्हा दुसऱ्या पुतण्याने, फ्रान्झने, खेळण्याच्या डाव्या कानात धातूचं बटण ठोकायची युक्ती काढली. सुरुवातीच्या काही बटणांवर हत्तीच होता. १९०७ या एका वर्षात जवळजवळ पावणेदहा लाख अस्वलं बाहेर पडली. कारखान्यात ४०० माणसं आणि घरून काम करणारी १८००.

त्याच्या आदल्या वर्षी मार्गारेटेने धंद्याची रीतसर मर्यादित कंपनी करून पुतण्यांना कारभारी नेमलं होतं. आपल्या मागे भांडण नको, ही काळजी आपल्याकडच्या कोणत्याही कर्त्या माणसाला कळेल. ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने ती गेली. वय ६१. कंपनी आजही गींगेनमध्ये आहे, कानातलं बटण अजून आहे, आणि तिचं जन्मघर लोकांना बघायला ठेवलं आहे. रिचर्डच्या त्या पहिल्या ५५ सेंटिमीटरच्या अस्वलांपैकी मात्र एकही शिल्लक नाही. तीन हजार अस्वलं गेली कुठे, हे खेळण्यांच्या शौकिनांना आजवर सापडलेलं नाही. गावातल्या माध्यमिक शाळेला आता मार्गारेटे श्टाइफचं नाव दिलेलं आहे.