मिलिमीटरची लहर पकडणारे जगदीशचंद्र बोस

सदलगा : इथनं इचलकरंजीकडं निघालं की मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये २६ गिगाहर्ट्झच्या लहरींचाही लिलाव झाला. इतक्या बारीक लहरी सव्वाशे वर्षांपूर्वी पकडून दाखवल्या त्या जगदीशचंद्र बोस यांनी. २३ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

जन्म ३० नोव्हेंबर १८५८, बंगालमधला. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तिथं गोऱ्या प्रोफेसरपेक्षा हिंदी माणसाला पगार कमी. बोसांनी शिकवणं सोडलं नाही, पण तीन वर्षं पगाराला हात लावला नाही. घरात वडिलांचं कर्ज असताना! शेवटी सरकारनं मागच्या बाकीसह पूर्ण पगार दिला.

प्रयोगाला एक लहानशी खोली आणि मदतीला पत्र्याचं काम करणारा कारागीर. १८९५ मध्ये टाऊन हॉलमधल्या प्रयोगात त्यांची लहर भिंतीपलीकडं गेली, तिथली घंटा वाजली, दारूचा बार उडाला. पुढं ते ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंत पोचले. लहर उभी थरथरते की आडवी, ती दिशा फिरवायला पिळलेला ताग वापरला. आणि ती दिशा तपासायला पानापानांत धातूचा वर्ख घातलेलं रेल्वेचं टाइमटेबलसुद्धा!

लहर सोडणं एक, ऐकणं दुसरं. आजच्या टेराहर्ट्झ रिसिव्हरमध्ये आकाशातनं आलेल्या क्षीण लहरीत रिसिव्हरची स्वतःची लहर मिसळतात आणि दोन्हींच्या कंपनांतला फरक तेवढा बाहेर काढतात. मग नेहमीची सर्किटंही तो वाचू शकतात. हे काम मिक्सरचं. त्याला असा जोड लागतो, की व्होल्टेज दुप्पट केलं तरी करंट बरोबर दुप्पट होत नाही. बोसांनी मिक्सर केला नाही. पण शिशाच्या खनिजाच्या, गॅलिनाच्या, खड्यावर धातूचं टोक टेकवून तसला जोड मात्र केला.

त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, क्रमांक ७५५८४०. तेही भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी मागं लागून घ्यायला लावलेलं. बोसांनी त्यातनं पैसा केला नाही. हा मोठेपणा खराच, पण आम्हाला विचाराल तर हक्क राखायला हवा होता. १९१७ मध्ये उभारलेल्या त्यांच्या संस्थेला तो पैसा उपयोगी पडला असता. तोवर ते स्वतः वनस्पतींकडं वळले होते.

१९९० च्या दशकात ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या १२ मीटर दुर्बिणीला १.३ मिलिमीटरचा रिसिव्हर बसवला. त्यात लहरीचा जोर कमी-जास्त करायला दोन प्रिझमची जी युक्ती आहे, ती बोसांच्या १८९७ च्या लेखांतली.