मोडकी होडी आणि पृथ्वीप्रदक्षिणा : कॅप्टन जोशुआ स्लोकम



घरातली एखादी वस्तू जुनी झाली की आपण काय करतो? एकतर ती भंगारात देतो, नाहीतर तिची दुरुस्ती रोज उद्यावर ढकलतो. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांना अशीच एक टाकून दिलेली वस्तू मिळाली होती. शेतात सात वर्षं पडून असलेली एक शिडाची होडी. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी उभी केली, गरज पडेल तिथे तिच्यात बदल केले आणि तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते जगातले पहिले माणूस. त्यांचं नाव कॅप्टन जोशुआ स्लोकम.

बालपण आणि फोडलेलं खेळणं

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. अकरा भावंडांतला हा पाचवा. वडील अतिशय कडक. पुढे कुटुंब समुद्रकाठी राहायला आलं आणि वडिलांनी कोळ्यांसाठी बूट बनवण्याचा धंदा सुरू केला. जोशुआ दहा वर्षांचा झाला तेव्हा त्याची शाळा सुटली आणि त्याला बूट शिवायच्या कामाला बसवलं गेलं.

मुलाचं मन मात्र समुद्रावर. असं सांगतात, की त्याने लपूनछपून जहाजाची एक छोटी प्रतिकृती कोरली होती. वडिलांनी ती पाहिली आणि फोडून टाकली, वर मारही दिला. चौदाव्या वर्षी हा मुलगा घरातून पळाला आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. पहिलंच जेवण इतकं बिघडलं, की खलाशांनी त्याला कामावरून काढलं! आईच्या निधनानंतर, सोळाव्या वर्षी, त्याने घर कायमचं सोडलं.

पालकहो, इथे क्षणभर थांबा. वडिलांनी लाकडाचं जहाज फोडलं, पण मुलाच्या मनातलं जहाज काही फुटलं नाही.

कप्तान झाले, पण काळ बदलला

साध्या खलाशापासून सुरुवात करून जोशुआ जहाजाचे कप्तान झाले. ताऱ्यांवरून जागा काढणं, नकाशे वाचणं, सुतारकाम, शिडं शिवणं हे सगळं ते कामावरच शिकले. १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला व्हर्जिनिया वॉकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांचा संसार जहाजावरच होता. मुलं जहाजावर जन्मली, जहाजावरच शिकली.

मग एकामागून एक घाव बसले. १८८४ मध्ये व्हर्जिनिया गेल्या. दुसरं लग्न झालं, पण १८८७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचं स्वतःचं जहाज 'ॲक्विडनेक' वाळूत रुतून मोडलं. जवळ पैसा नाही आणि बायको-मुलं सोबत. स्लोकम यांनी तिथेच ३५ फुटांची होडी बांधली. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद झाली त्याच दिवशी, ती पाण्यात सोडली. म्हणून तिचं नाव 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून ते कुटुंबासह अमेरिकेत परतले.

परतले खरे, पण काम कुठे होतं? वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा खाल्ला होता. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचं आयुष्यभराचं कौशल्य जगाला नकोसं झालं होतं. ही वेळ किती अवघड असते, ते वेगळं सांगायला नको.

शेतातली होडी

१८९२ मध्ये त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त कप्तान, एबेन पियर्स, म्हणाले की माझ्याकडे एक जहाज आहे, थोडी दुरुस्ती लागेल, ते तुम्हाला देतो. स्लोकम मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी गेले. बघतात तर काय, शेतात टेकू लावून, वर कापड टाकून ठेवलेली एक कुजकी होडी! नाव 'स्प्रे'. दुसरा कोणी असता तर थट्टा केली म्हणून रागावून परत फिरला असता.

स्लोकम यांनी कुऱ्हाड उचलली. जवळच उभं असलेलं ओकचं झाड तोडून होडीच्या तळाचा कणा केला. फळ्या वाकवण्यासाठी वाफेची पेटी तयार केली. कुजलेला एक भाग काढायचा आणि त्याच मापाचा नवा बसवायचा, असं काम चाललं. येणारे-जाणारे विचारायचे, यातून पैसे सुटणार का? तेरा महिने ते राबले. सामानाला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. होडी झाली ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद.

जवळजवळ सगळं लाकूड नवं, तरी नाव तेच आणि आकारही तोच. मग ही जुनी 'स्प्रे' की नवी? हा प्रश्न वर्गात विचारून बघा. मुलं किती छान वाद घालतात ते दिसेल.

वाटेवर केलेले बदल

२४ एप्रिल १८९५ रोजी ५१ वर्षांचे स्लोकम बॉस्टनहून एकटेच निघाले. जवळ चांगलं घड्याळ नव्हतं. जुनं दुरुस्त करायला १५ डॉलर पडले असते, म्हणून वाटेत एका डॉलरला फुटक्या तबकडीचं पत्र्याचं घड्याळ घेतलं!

पुढचं समजण्यासाठी शिडाची थोडी माहिती लागेल. मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला एक लांब आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. बूमला बांधलेला दोर ओढला की शीड आत येतं, सैल सोडला की बाहेर जातं. वारा किती धरायचा ते हा दोर ठरवतो. आजच्या बऱ्याच होड्यांत हा दोर आडव्या पट्टीवरच्या सरकत्या गाड्याला जोडलेला असतो. गाडा थोडा इकडे-तिकडे सरकवला की ओढीची जागा बदलते आणि होडीची चाल सुधारते. जुनी होडी हौसेने राखणारे लोक हा गाडा बदलून नवा बसवतात. बदल हातभराचा असतो, पण परिणाम सगळ्या होडीवर होतो.

स्लोकम यांच्याकडे असा गाडा नव्हता, दुकानही नव्हतं. त्यांनी मात्र हाच विचार केला. त्यांचं मोठं शीड एकट्या माणसाला जड होतं. मोरोक्कोजवळ चाचे मागे लागले असताना बूम मोडली. ब्राझीलला पोहोचल्यावर त्यांनी मोडका भाग काढला आणि बूम सुमारे चार फुटांनी आखूड केली. रिओमध्ये होडीच्या मागच्या टोकाला, पुढे एक छोटी डोलकाठी उभी करता यावी म्हणून, अर्धगोल आधार बसवला. ब्यूनस आयर्सला मुख्य डोलकाठी काढून सात फूट कापली आणि पुढे आलेला दांडा पाचेक फूट कमी केला. नंतर वादळात त्या दांड्याच्या टोकाशी लटकून शीड आवरताना त्यांना वाटलं, अजून एक फूट कापायला हवा होता!

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, ती मागची छोटी डोलकाठी आणि तिचं शीड उभं राहिलं. याच भागात वादळाने त्यांना केप हॉर्नकडे ढकललं आणि रात्रीच्या काळोखात खडकांमधून वाट काढावी लागली. इथेच, रात्री कोणी होडीवर चढू नये म्हणून, झोपण्यापूर्वी ते डेकवर गालिच्याचे टोकदार खिळे पसरून ठेवत. एका रात्री चढलेले लोक ओरडत पाण्यात उड्या टाकून पळाले.

या बदलांनी काय साधलं? मोठं शीड लहान झालं, म्हणून एका माणसाला आवरता येऊ लागलं. वाऱ्याच्या दिशेने वर चढताना सुकाणू थोडं सोपं झालं. बस, इतकंच. वारा मागून असेल तेव्हा ते मागचं शीड गुंडाळूनच ठेवत. चांगला बदलही चोवीस तास वापरायचा नसतो, हे त्यांना कळलं होतं.

होडी स्वतः चालू लागली

'स्प्रे'चा खरा गुण वेगळाच होता. सुकाणू कोणत्या कोनात ठेवलं की होडी सरळ जाते, हे स्लोकम शोधून काढत आणि चाक त्या जागी बांधून टाकत. पुढच्या शिडाचा दोर मधोमध ताणून बसवला की होडीचं तोंड भरकटत नसे. मग ते खाली जाऊन स्वयंपाक करत, वाचत, झोपत. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंत, २३ दिवसांच्या आणि सुमारे २,७०० मैलांच्या प्रवासात, ते सुकाणूपाशी तीन तासही बसले नाहीत!

दुरुस्ती करताना आणि शिडं बदलताना त्यांनी होडीचा हा मूळ गुण मोडू दिला नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

सामोआत लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नीने त्यांना आपल्या आवारातले बांबू दिले. त्यातला एक पुढे शिडासाठी कामी आला. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष क्रूगर भेटले. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या त्या गृहस्थांना पृथ्वीप्रदक्षिणा ही कल्पनाच मान्य नव्हती! २७ जून १८९८ रोजी स्लोकम अमेरिकेत न्यूपोर्टला पोहोचले. तीन वर्षं दोन महिने आणि ४६,००० मैलांहून अधिक अंतर. काही दिवसांनी ते फेअरहेवनला गेले आणि होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवताना जिला बांधली होती त्याच मेखेला त्यांनी ती पुन्हा बांधली. आणखी एक गोष्ट मुलांना नक्की सांगा: या माणसाला पोहता येत नव्हतं!

शेवट

१९०० मध्ये त्यांचं प्रवासाचं पुस्तक निघालं आणि गाजलं. तिसरीच्या आसपास शाळा सुटलेला मुलगा नावाजलेला लेखक झाला. पण जमिनीवर त्यांचा जीव रमला नाही. शेती घेतली, तरी पाय पुन्हा होडीकडेच वळत. शेवटच्या वर्षांत 'स्प्रे'ची पूर्वीसारखी निगा राहिली नव्हती, असं तिला पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये ६५ वर्षांचे स्लोकम पुन्हा एकटेच निघाले. ना ते परत आले, ना होडी सापडली. १९२४ मध्ये कायद्याने त्यांना मृत घोषित केलं गेलं.

मित्रांनो, हा शेवट मुलांपासून लपवू नका. जुनी वस्तू एकदा दुरुस्त केली म्हणजे काम संपत नाही, ती सतत राखावी लागते. आणि जोडीला हेही सांगा, की आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे करणारे ते पहिले भारतीय.

वर्गासाठी

पृथ्वीगोलावर दोरा लावून स्लोकम यांचा मार्ग दाखवा. मग मुलांना थर्माकोल किंवा पुठ्ठ्याची होडी करायला सांगा. काडीची डोलकाठी, कागदाचं शीड आणि शिडाला एक दोरा. घमेल्यातल्या पाण्यात सोडून पुठ्ठ्याने वारा घाला. होडी गोल फिरली, कलंडली, तर नवी करू देऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणावं: आधी काडी आखूड, मग शीड लहान, मग दोऱ्याची जागा. प्रत्येक बदलानंतर काय झालं ते वहीत लिहायला लावा.

आणि एखादं मूल अभ्यासात गोल गोल फिरत असेल, तर त्याच्याही बाबतीत हेच करून पाहूया. सगळं एकदम बदलायला जाऊ नका. त्याच्यावर ओढ नेमकी कुठून बसते आहे ते आधी बघा.