जॉनी टिलमन : हक्काच्या उत्पन्नासाठी उभी राहिलेली आई

सरकारी मदतीवर जगणारी बाई आळशी असते, हा समज १९६०च्या दशकातील अमेरिकेत चांगलाच रुजला होता. जॉनी टिलमन यांचे आयुष्य ठाऊक असलेल्या कोणाचाही त्यावर विश्वास बसला नसता. नाव पुरुषी वाटले, तरी या सहा मुलांच्या आई. अर्कान्सॉ राज्यातील स्कॉट येथे १९२६ साली बटाईने शेती करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपण कापूस वेचण्यात गेले, पुढची अनेक वर्षे लॉण्ड्रीत. पतीपासून विभक्त झाल्यावर त्या मुलांसह लॉस एंजेलिसला आल्या. तेथेही काम लॉण्ड्रीतच. मात्र येथे त्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधी झाल्या.

१९६३ साली आजारपणाने त्यांना अंथरुणाला खिळवले. घरी मुलांकडे पाहणारे कोणी नव्हते. परिचितांनी सरकारी मदत घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्या कचरल्या. पुढे जे अनुभवास आले, त्यावरून ती भीती रास्तच ठरली. घरात पुरुषाचा वावर आढळल्यास मदत बंद, असा नियम अनेक राज्यांत होता. त्याच्या शोधार्थ कर्मचारी अवेळी दार ठोठावत. फ्रीजमध्ये काय आहे, नवी वस्तू कोणत्या पैशातून आली, याचीही विचारपूस होई. आयुष्यभर राबलेल्या बाईला हा पाहुणचार!

टिलमन यांनी वॉट्स भागातील आपल्या वसाहतीत अशाच मातांना एकत्र करून त्याच वर्षी संघटना बांधली. तिच्या नावात ‘अनाम’ या अर्थाचा शब्द मुद्दाम होता. सरकारदरबारी या स्त्रिया माणसे नव्हत्याच, केवळ आकडे होते. १९६६ साली जॉर्ज वायली यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन’ आकारास आली आणि टिलमन तिच्या अध्यक्ष झाल्या. सदस्यसंख्या वीस हजारांवर गेली. घरातील पुरुष हे निमित्त करून मुलांची मदत तोडणे १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले.

त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग गरिबांच्या मोर्चासाठी पाठिंबा मागण्यास शिकागोत या मातांना भेटले. मातांना काम सक्तीचे करू पाहणाऱ्या नव्या कायद्याबद्दल स्त्रियांनी त्यांना प्रश्न विचारले आणि नोबेल विजेते किंग निरुत्तर झाले. माहीत नसेल तर तसे सांगावे, असे टिलमन यांनी त्यांना स्पष्ट सुनावले. किंग यांनी अज्ञान कबूल करून ऐकून घेतले, हा त्यांचाही मोठेपणा.

टिलमन यांची खरी मागणी मात्र मदतीचे नियम सैल करण्यापलीकडची होती. मुले वाढवणे हेही कामच आहे, ही त्यामागची भूमिका. म्हणून तपासणी आणि अटी काढून प्रत्येक गरजूला उत्पन्नाची हमी द्यावी, असे त्या म्हणत. संघटनेने चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला ५,५०० डॉलर मागितले. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ साली किमान उत्पन्नाची योजना मांडली, ती १,६०० डॉलरची, तीही कामाच्या अटीसह. संघटनेने तिला विरोध केला. कमी डॉलर का होईना, तत्त्व मान्य झाले असते, असे मानणारे तेव्हाही होते. उलट, दक्षिणेतील काही राज्यांत मिळणारी मदत याहूनही तुटपुंजी होती, हे खरे. योजना अखेर सिनेटमध्येच अडली.

संघटनेतही कुरबुर होतीच. सभासद बहुतांशी गरीब माता, तर कार्यालय चालवणारे बरेचसे शिकलेले पुरुष. वायली बाहेर पडल्यावर १९७२ साली टिलमन यांनी कार्यकारी संचालकपद हाती घेतले, पण तोवर पैसा आटला होता. १९७५ साली कार्यालयाला कुलूप लागले. टिलमन लॉस एंजेलिसला परतल्या आणि गरिबांसाठीच्या कामात राहिल्या.

२२ नोव्हेंबर १९९५ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी मधुमेहाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच ऑगस्टमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ती जुनी मदत योजना रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. तिच्या जागी आलेल्या मदतीला कामाची अट आणि पाच वर्षांची मर्यादा घातली गेली. २०१८च्या अखेरीस मिसिसिपीतील जॅक्सन शहरात एका संस्थेने २० गरीब कृष्णवर्णीय मातांना वर्षभर दरमहा १,००० डॉलर देण्यास प्रारंभ केला. ते कसे खर्च करावेत, याची कोणतीही अट नव्हती.