इमाम गझालींचा तराजू

रमजानच्या दिवसांत इमाम अबू हामिद गझाली आठवतात ते त्यांच्या रोजाविषयीच्या लिखाणामुळे. पोट उपाशी ठेवणे हा रोजाचा पहिला दर्जा. डोळे, कान, जीभ आवरणे हा दुसरा. आणि मनाला अल्लाहखेरीज इतर विचारांपासून दूर ठेवणे हा तिसरा, अशी त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. याच इमामांनी आयुष्याची कितीतरी वर्षे एका कोरड्या वाटणाऱ्या विषयाला दिली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तो विषय म्हणजे तर्कशास्त्र, अरबीत ‘मंतिक’.

त्यांचा जन्म १०५८ च्या सुमारास खुरासानातील तूस येथला. हा भाग आज इराणच्या ईशान्येला आहे. वडील लवकर वारले. तरुणपणची एक गोष्ट सांगितली जाते. शिकून परतताना दरोडेखोरांनी त्यांना लुटले. गझालींनी बाकी काही नको, टिपणांची पिशवी तेवढी द्या, अशी विनवणी केली. म्होरक्या हसला. पिशवीबरोबर जाते ते ज्ञान कसले, असे म्हणून त्याने ती परत केली. घरी आल्यावर त्यांनी तीन वर्षे घालवून ती टिपणे पाठ केली. पाठ झाले तरी पटले आहे का, हा प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला.

निशापूरला इमाम जुवैनींकडे शिकून ते पुढे वजीर निजामुल्मुल्क यांच्या दरबारी गेले. १०९१ मध्ये, जेमतेम तेहतीस वर्षांच्या वयात, बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. समोर तीनशे विद्यार्थी असत. त्यातून वेळ काढून त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ एकट्याने वाचून काढले. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी त्याच्याइतकेच नीट समजले पाहिजे, हा त्यांचा दंडक. म्हणून त्यांनी तत्त्वज्ञांची मते एका स्वतंत्र ग्रंथात मांडली, आणि ती इतकी चोख मांडली की लॅटिन भाषांतर वाचणाऱ्या युरोपातील पंडितांनी गझालींनाच इब्न सीनांचे अनुयायी ठरवले!

त्यानंतर आला ‘तहाफुत अल-फलासिफा’. वीस प्रश्नांवर तत्त्वज्ञांना आव्हान देणाऱ्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी स्वपक्षीयांचेही कान उपटले आहेत. ग्रहण कसे लागते हे गणिताने सिद्ध झालेले असताना धर्माच्या नावाने ते नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो, असे त्यांनी बजावले. माणसावरून सत्य ओळखू नये, हाही त्यांचा आग्रह. रक्त काढण्याच्या तुंबडीत मध भरला तर लोक नाक मुरडतात, पण मध मधच राहतो, हा दाखला त्यांचाच.

तरीही या ग्रंथाचा शेवट खटकतो. तीन प्रश्नांवर त्यांनी तत्त्वज्ञांना थेट धर्मबाह्य ठरवले. तर्काच्या तराजूवर तोलता तोलता हातात न्यायाधीशाचा हातोडा आला. पुढे अंदलुसियाच्या इब्न रुश्द यांनी त्यांचे म्हणणे उतरवून घेत, मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर दिले. वाद असा चालावा!

मंतिक शिकवताना गझाली दाखले द्यायचे ते रोजच्या जगण्यातले. नमाज शुद्ध झाली असेल, तर माणूस पाक असणारच. तो पाक नसेल, तर नमाज झाली नाही, हेही ओघाने आले. पण तो पाक आहे, म्हणून नमाज शुद्धच झाली, असे म्हणता येते का? नाही, ती दुसऱ्या कारणानेही बिघडू शकते. बाजारात, कचेरीत, कट्ट्यावर आपण दिवसातून दहा वेळा हीच उलटी उडी मारतो. युक्तिवादाच्या अशा साच्यांना त्यांनी तराजू म्हटले आणि त्यांची उदाहरणे कुरआनातून काढून दाखवली. त्यातले एक हजरत इब्राहिम आणि गर्विष्ठ राजाच्या संवादाचे: सूर्य पूर्वेकडून उगवतो, तो पश्चिमेकडून आणून दाखव, यावर राजा निरुत्तर झाला. चमत्कारानेही त्यांचे समाधान होत नसे. तीन ही संख्या दहापेक्षा मोठी आहे असे सांगून कुणी काठीचा साप करून दाखवला, तर सापाचे नवल वाटेल; तीन मात्र दहापेक्षा लहानच राहतील.

मग १०९५ मध्ये हा तराजू त्यांनी स्वतःकडे वळवला. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी? उत्तर त्यांना आवडले नाही. जवळपास सहा महिने घालमेल चालली. शेवटी जीभच वळेना. वर्गात शब्द फुटेना, घास पचेना. हकिमांनी दुखणे मनाचे असल्याचे सांगितले. मक्केला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले, ते आधी दमास्कसला गेले. हेब्रॉनमध्ये हजरत इब्राहिमांच्या कबरीपाशी त्यांनी तीन शपथा घेतल्या: सुलतानाकडे जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, वादसभेत उतरणार नाही.

तर्क मात्र सुटला नाही. ११०९ मध्ये पूर्ण झालेल्या, शरियतच्या मूलतत्त्वांवरील ‘अल-मुस्तस्फा’ या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी मंतिकचा धडा घातला. डिसेंबर ११११ मध्ये तूस येथे त्यांचे निधन झाले. पुढे मदरशांत मंतिक रुळले. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये आखल्या गेलेल्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमातही त्याला मोठी जागा मिळाली.